भाग लावून पाहायचा, पण कुठपर्यंत?

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या पत्राचा गोषवारा असा: त्यांचा मुलगा पाचवीत असून शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतो आहे. पाढे ३० पर्यंत येतात, बेरीज-वजाबाकीत सहसा चुकत नाही. पण विभाजक, मूळ संख्या आणि संयुक्त संख्या हा घटक आला की गडबडतो. गेल्या सराव चाचणीत त्याने ५१ आणि ९१ या संख्या मूळ ठरवल्या, १ लाही मूळ म्हटले आणि २ सम आहे म्हणून ती वगळली. ४८ चे सर्व विभाजक लिहिताना १६ राहून गेला. १०० पर्यंतच्या मूळ संख्या सरळ पाठ करून घ्याव्यात, असे त्याच्या बाबांचे म्हणणे आहे. आजोबा म्हणतात, प्रत्येक संख्येला तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्यांनी भाग लावून पाहायची सवय लावावी. एका मैत्रिणीने रविवारचा शिकवणी वर्ग सुचवला आहे. रोज संध्याकाळी यादी म्हणून घेताना रडारड होते आणि एकदा तर तो वैतागून म्हणाला, ‘आई, पण भाग लावून लावून थांबायचं कुठे?’ मुलगा गणितात कच्चा आहे का आणि या तीनपैकी कोणता मार्ग धरावा, असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. ‘थांबायचं कुठे?’ हा तुमच्या मुलाचा प्रश्न वैतागातून आला असेल, पण या संपूर्ण घटकातला तोच खरा प्रश्न आहे आणि घरात मिळालेल्या तीनही सल्ल्यांमध्ये त्याचे उत्तर नाही. यादी पाठ केली की हा प्रश्न पडतच नाही, सगळ्या संख्यांनी भाग लावत बसले की तो टळतो, आणि शिकवणीत त्याचे उत्तर मिळेलच याची खात्री देता येत नाही. ज्या मुलाला तो आपणहून पडला त्याला कच्चा म्हणण्याआधी मी दोनदा विचार करीन.

दुसरी गोष्ट अशी की तुम्ही लिहिलेल्या चुका एका जातीच्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर एकच इलाज चालणार नाही. १ आणि २ बाबतची चूक व्याख्येची आहे, ४८ मधली चूक मांडणीची आहे, आणि ५१ व ९१ च्या चुका दिसण्यात एकसारख्या असल्या तरी त्याही वेगवेगळ्या कारणांनी झाल्या आहेत.

व्याख्येपासून सुरुवात करू. ‘जिला १ ने आणि त्याच संख्येने भाग जातो ती मूळ संख्या’ असे मुले घडाघडा म्हणतात. या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द गळला की प्रत्येक संख्याच मूळ ठरते, आणि तो ठेवला तरी १ चा घोटाळा उरतोच, कारण १ ला १ ने भाग जातो आणि त्याच संख्येनेही जातो. तेव्हा तुमच्या मुलाने १ ला मूळ म्हटले ते त्याला शिकवलेल्या वाक्याशी प्रामाणिक राहूनच म्हटले आहे. व्याख्या अशी सांगावी: जिला नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या, दोनांपेक्षा जास्त असतात ती संयुक्त संख्या, आणि १ ला एकच विभाजक असल्यामुळे ती मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हे नुसते सांगण्यापेक्षा मूठभर चिंचोके घेऊन जमिनीवर मांडून दाखवा. १२ चिंचोके ३ ओळींत ४-४ असे बसतात, २ ओळींत ६-६ असे बसतात, आणि एका लांब ओळीतही बसतात. १३ चिंचोके मात्र एका ओळीखेरीज कुठल्याच आयतात बसत नाहीत, एक तरी उरतो किंवा कमी पडतो. २ चिंचोक्यांचीही एकच ओळ होते, म्हणून २ मूळ आहे. ती सम असणे याच्या आड येत नाही. सम म्हणजे २ ने भाग जाणारी, एवढेच. २ च्या पुढच्या प्रत्येक सम संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज २ हा तिसरा विभाजक मिळतो, म्हणून त्या सगळ्या संयुक्त ठरतात.

१ ला मूळ संख्यांतून का वगळले, असे तो विचारील आणि त्याने विचारावेच. १२ चे मूळ अवयव पाडले की २ × २ × ३ असेच येतात. अवयवांचा क्रम बदलेल, पण अवयव तेच राहतील. प्रत्येक संख्येची अशी एकच फोड असते, यावर पुढचे मसावि-लसावि उभे आहेत. १ ला मूळ मानले तर याच फोडीच्या मागे हवे तितके १ लावता येतील आणि ‘एकच फोड’ हे म्हणणे मोडेल. ही सोय गणितज्ञांनाही लगेच पटलेली नव्हती: डेरिक नॉर्मन लेमर या अमेरिकी गणितज्ञाने १९१४ साली १ कोटीच्या थोडे पुढपर्यंतच्या मूळ संख्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात पहिली संख्या १ हीच होती. मुलाला हे जरूर सांगा. आपली चूक चांगल्या संगतीतली आहे हे कळले की रडे निम्मे कमी होते.

आता ४८ कडे वळू. तुम्ही पाठवलेल्या उत्तरात १, २, ३, ४, ६, ८, १२, २४, ४८ असे नऊ विभाजक आहेत. त्याने ते चढत्या क्रमाने, जसे सुचतील तसे लिहिले, आणि १२ नंतर मोठ्या संख्या सुचेनाशा झाल्या. विभाजक एकेकटे शोधायचे नसतात, जोडीने शोधायचे असतात. पानाच्या डाव्या कडेला १ लिहिला की त्याच ओळीत उजव्या कडेला ४८ लिहायचे. खाली २ आणि समोर २४. ३ आणि १६. ४ आणि १२. ५ ने भाग जात नाही, पुढे. ६ आणि ८. मग ७ पाहायचा: भाग जात नाही, आणि शिवाय ७ × ७ = ४९ म्हणजे ४८ ओलांडले. इथे थांबायचे. डावीकडच्या संख्या वाढत जातात, उजवीकडच्या घटत जातात, आणि त्या एकमेकींना भेटल्या की पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही, कारण ८ पाहायला गेलो तर त्याची ६ शी असलेली जोडी आधीच लिहून झालेली आहे. या मांडणीत १६ सुटणे जवळजवळ अशक्य आहे, कारण ३ च्या समोरची जागा रिकामी दिसते. आणखी एक खूण: विभाजक जोडीने येत असल्यामुळे त्यांची एकूण संख्या सम असते, अपवाद फक्त ३६ किंवा ४९ सारख्या वर्गसंख्यांचा, जिथे ६ × ६ किंवा ७ × ७ या जोडीत एकच संख्या दोनदा येते. ४८ ही वर्गसंख्या नाही आणि उत्तरात विभाजक नऊ आहेत, म्हणजे काहीतरी निसटले आहे, हे बरोबर उत्तर न पाहताही त्याला स्वतःला ओळखता आले असते.

‘थांबायचं कुठे?’ याचे उत्तर याच मांडणीत दडलेले आहे. ९७ मूळ आहे का, हे पाहायचे आहे असे समजा. ९७ ही दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्या दोन्ही १० किंवा १० पेक्षा मोठ्या असू शकत नाहीत, कारण मग गुणाकार निदान १०० भरेल. म्हणजे जोडीतली एक तरी संख्या १० पेक्षा लहान असायलाच हवी, आणि ती लहान संख्या सापडत नसेल तर तिची मोठी जोडीदारही नसणार. त्यातही ४, ६, ८ आणि ९ पाहण्याची गरज नाही. ज्या संख्येला २ ने भाग गेला नाही तिला ४, ६, ८ ने कसा जाईल, आणि ३ ने गेला नाही तर ९ ने कसा जाईल? उरले २, ३, ५ आणि ७. आजोबांच्या पद्धतीने ९७ साठी २ पासून ९६ पर्यंत भागाकार करावे लागतील. ती पद्धत चुकीची मुळीच नाही, पण तिच्यातले चार भागाकार पुरेसे आहेत आणि बाकीचे वाया आहेत. नियम म्हणून सांगायचे तर ज्या मूळ संख्येचा वर्ग दिलेल्या संख्येच्या पुढे जातो, तिच्यापाशी थांबायचे. तीन अंकी सर्वांत मोठी संख्या ९९९ घेतली तरी ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्यांनी भाग लावून पाहिले की निकाल लागतो, कारण पुढची मूळ संख्या ३७ आणि तिचा वर्ग १३६९.

५१ च्या बाबतीत त्याने बहुधा भाग लावूनच पाहिला नाही. संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, आणि पाढ्यांत फारशी भेटत नाही, म्हणून ती त्याला मूळ वाटली. वास्तविक सतरा त्रिक एक्कावन्न हे त्याला येते. ५७ आणि ८७ याच पठडीतल्या आहेत. यांना पकडायला ३ ची कसोटी पुरते: अंकांची बेरीज करा, तिला ३ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. ही कसोटी मंत्रासारखी सांगू नका, कारण तिची कारणमीमांसा पाचवीतल्या मुलाला सहज झेपते. ८७ म्हणजे ८ दशक आणि ७ एकक. प्रत्येक दशकातून ९ बाजूला काढले की १ उरतो, म्हणजे ८ दशकांतून ८ उरले. ते ८ आणि आधीचे ७ मिळून १५. बाजूला काढलेल्या नवांना ३ ने भाग जातोच, तेव्हा प्रश्न फक्त १५ चा राहिला.

९१ चे प्रकरण वेगळे आहे, आणि तिथे मी तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. ही संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ ने भाग नाही. त्याला माहीत असलेल्या सगळ्या कसोट्या तिने पार केल्या. ७ साठी सोपी कसोटी नाही. ज्या आहेत त्या लक्षात ठेवण्यापेक्षा भागाकार करणे बरे. त्याहून बरे म्हणजे ७ च्या पटीतली ओळखीची संख्या वजा करणे: ९१ मधून ७० गेले, २१ उरले, झाले. १३३ ला १४० हून ७ कमी, म्हणून तिलाही ७ ने भाग जातो. तुम्हाला दिलासा देणारी एक गोष्ट सांगतो. १०० पर्यंतच्या संख्यांमधून २, ३ आणि ५ ने भाग जाणाऱ्या संयुक्त संख्या काढून टाकल्या, तर फसवणाऱ्या संयुक्त संख्या तीनच उरतात: ४९, ७७ आणि ९१. पहिल्या दोन पाढ्यांमुळे तोंडात बसलेल्या असतात. म्हणजे १०० पर्यंत खरोखर लक्षात ठेवण्याजोगी फसवी संख्या एकच आहे, आणि तेरा साती एक्क्याण्णव म्हणताना त्याने ती कितीतरी वेळा उच्चारलेली आहे.

यादी पाठ करण्याला माझा विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नका. परीक्षेत वेळ थोडा असतो आणि १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या डोळ्यांसमोर असणे उपयोगाचे आहे. पाढे पाठ असण्याला आपण कधी नावे ठेवत नाही. १ ते १०, ११ ते २० अशा प्रत्येक दशकात किती मूळ संख्या येतात ते ४, ४, २, २, ३, २, २, ३, २, १ असे मोबाइल क्रमांकासारखे म्हणून मुले लक्षात ठेवतात, तेही चालेल. पण पाठांतर शोधण्याच्या आधी आले की ते अडते. ज्याला यादीच येते तो ११९, १४३, १८७ समोर आल्या की हात टेकतो, कारण यादी १०० पाशी संपलेली असते. म्हणून रोजचे यादी म्हणून घेणे आठवडाभर बंद ठेवा आणि ती यादी त्याच्या हातून तयार करवून घ्या.

यासाठी एराटोस्थेनीसची चाळणी नावाची रीत पाठ्यपुस्तकांतून भेटते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेला हा विद्वान पृथ्वीचा परीघ मोजण्यासाठी जास्त प्रसिद्ध आहे. शाळेत हा तक्ता दहा रकान्यांचा करतात. घरी सहा रकान्यांचा करून पाहा. पहिल्या ओळीत १ ते ६, दुसरीत ७ ते १२, असे १०० पर्यंत. १ वर फुली मारा. २ सोडून २ च्या पटीतल्या संख्या खोडायला घेतल्या की दुसरा, चौथा आणि सहावा रकाना सरळ उभ्या रेघेने जातो. ३ सोडून ३ च्या पटीतल्या खोडताना तिसरा रकाना जातो. ५ आणि ७ च्या पटीतल्या संख्या तिरक्या रेषेत पडतात. खोडताना त्याला एक निरीक्षण करायला सांगा: प्रत्येक वेळी नव्याने खोडली जाणारी पहिली संख्या कोणती? ३ साठी ९, ५ साठी २५, ७ साठी ४९. ७ ची फेरी झाली की ११ ची पाळी येते, आणि तिच्यासाठी पहिली नवी संख्या १२१ असेल, जी तक्त्यावर नाहीच. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला इथे पेन्सिलीच्या टोकाशी मिळेल, आणि तुम्ही सांगितलेल्या उत्तरापेक्षा ते त्याच्या जास्त लक्षात राहील.

याच तक्त्यात २ आणि ३ सोडून सगळ्या मूळ संख्या पहिल्या आणि पाचव्या रकान्यात, म्हणजे ६ च्या पटीच्या एक मागे किंवा एक पुढे राहतात. काही शिकवण्यांत हीच गोष्ट उलटी करून ‘६ च्या पटीच्या शेजारची संख्या मूळ’ अशी युक्ती म्हणून सांगितली जाते. ती चुकीची आहे. २५, ३५, ५५ याही त्याच रकान्यांत बसतात, आणि ९१ सुद्धा तिथेच आहे. रविवारच्या वर्गाबद्दल माझे मत यावरून ठरवा: वर्गाला जाऊन सरांना एकच विचारा की ९१ मूळ नाही हे ते मुलांना कसे पटवतात. उत्तरात भागाकार आणि थांबण्याची जागा आली तर वर्ग चांगला आहे. नुसती युक्ती आली तर रविवार मुलाला खेळायला द्या. आधी मात्र शाळेतल्या वर्गशिक्षकांशी बोला, कारण त्याच्या वह्या त्यांनी वर्षभर पाहिलेल्या आहेत.

तो वेळ फार लावतो, म्हणून तो कच्चा, असे त्याच्या बाबांना वाटते असे तुम्ही लिहिले आहे. अवयव शोधण्याच्या कामाचा इतिहास यापेक्षा सौम्य न्याय देतो. ६७ वेळा २ घेऊन केलेल्या गुणाकारातून १ वजा केला की एक २१ अंकी संख्या येते. ती मूळ नाही हे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली दाखवले, पण तिचे अवयव त्यालाही सापडले नव्हते. ते फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. संख्या संयुक्त आहे हे ओळखणे आणि तिचे अवयव सापडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून दिसते. २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखण्याची जी रीत शोधली, तीही अवयव न शोधताच निकाल देते. मोठ्या संख्यांचे अवयव झपाट्याने काढण्याची रीत साध्या संगणकांसाठी अजून कोणाला सापडलेली नाही. आणि मोठ्या योग्यतेच्या अलेक्झांडर ग्रोथेंडिक या गणितज्ञाने बोलण्याच्या ओघात मूळ संख्येचे उदाहरण म्हणून ५७ सांगितले, असा किस्सा गणिताच्या वर्तुळात हसत हसत सांगितला जातो. मुलाच्या बाबांना जेवताना ऐकवण्यासारखा आहे.

या घटकात पुढे आणखी एक खड्डा आहे, तो आत्ताच दाखवून ठेवतो. सहमूळ संख्या हा शब्द आला की मुले दोन्ही संख्या मूळ असायला हव्यात असे समजतात. ८ आणि ९ या दोन्ही संयुक्त आहेत, तरी त्यांचा सामाईक विभाजक १ सोडून दुसरा नाही, म्हणून त्या सहमूळ आहेत. जोडमूळ संख्यांची गोष्ट वेगळी: तिथे दोन्ही मूळ असाव्या लागतात आणि त्यांच्यात २ चा फरक असतो, जसे १७ आणि १९.

संध्याकाळच्या वेळेचे म्हणाल तर रोज दोनच संख्या द्या, जास्त नकोत, आणि त्या १०० च्या पुढच्या द्या, म्हणजे यादीचा आधार दोघांनाही नसेल. ११९, १२७, १४३, १५१, १८७, १९७, २०९ आणि २२१ या आठ संख्या चार संध्याकाळी पुरतील. या सगळ्यांसाठी २, ३, ५, ७, ११ आणि १३ एवढेच भागाकार लागतात, कारण १७ चा वर्ग २८९ आहे. उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही सांगू नका, ‘कशावरून?’ एवढेच विचारा. त्याने संख्या संयुक्त म्हटली तर तिचे दोन अवयव लिहून गुणाकार करून दाखवावा, आणि मूळ म्हटली तर सहाही भागाकारांतली बाकी वहीत लिहावी. १२७ साठी ती १, १, २, १, ६ आणि १० अशी येते.